शोधण्याआधीच ठरलेले उत्तर

यावल तालुक्यातील एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्या माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतात आणि त्यांचे यजमान साडेचार हजार केळीची मृगबाग सांभाळतात. श्रावणातल्या ढगाळ दिवसांत बागेतील काही रोपांच्या पानांवर पिवळसर, तुटक पट्टे दिसू लागले. यजमानांनी बांधावर उभ्या उभ्याच मोबाइलला ‘केळीच्या पानावर पिवळे पट्टे, कोणते औषध मारावे’ असे विचारले, सर्वांत वर आलेला व्हिडिओ पाहिला आणि संध्याकाळी दुकानातून बुरशीनाशक आणून फवारले. ताईंना हा उतावळेपणा वाटला. त्यांनी चार रात्री लॅपटॉपवर बसून एकोणीस संकेतस्थळे वाचली, वहीत टिपणे काढली आणि ही जस्ताची कमतरता असल्याचा निष्कर्ष काढला. तोवर दुसरी फवारणीही होऊन गेली होती. पंधरवड्याने आलेल्या कृषी सहायकाने हा विषाणूजन्य रोग असल्याचे सांगितले आणि सव्वातीनशे झाडे उपटून नष्ट करावी लागली. सासरे पहिल्याच दिवशी या रोगाचे गावाकडचे नाव घेऊन ‘हरण्या दिसतो’ असे म्हणाले होते, पण त्यांच्या बोलण्याकडे कोणी लक्ष दिले नाही. ताई लिहितात की, ‘यांना नीट शोधताच येत नाही. केळीच्या भावासाठी मात्र दिवसातून चार ठिकाणी चौकशी करतात.’ मध्यंतरी त्यांनी दोघांसाठी इंटरनेटवरची एक चाचणी सोडवली, तीत त्या ‘विश्लेषक’ आणि यजमान ‘समग्र विचाराचे’ निघाले. आता पुढच्या हंगामासाठी टिश्यूकल्चर (प्रयोगशाळेत वाढवलेली) रोपे कोठून घ्यावीत, हा शोध समोर आहे. त्यांचा प्रश्न असा की, यजमानांना नीट शोधायला शिकवावे कसे, की माणसाची विचार करण्याची धाटणी मुळातच बदलत नसते?

प्रिय ताई,

हाताने लावलेले, ठिबकच्या नळीवर बोट ठेवून पाणी पोहोचते की नाही हे पाहत वाढवलेले रोप स्वतःच उपटावे लागणे म्हणजे काय, हे खानदेशात राहणाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. त्यामुळे घरात तोंडाला तोंड लागले असेल तर त्यात नवल नाही. तुमच्या पत्रात मात्र ‘नीट’ हा शब्द सहा वेळा आला आहे (मी मोजला), आणि सहाही वेळा तो तुमच्या शोधासाठी होकारार्थी व यजमानांच्या शोधासाठी नकारार्थी वापरलेला आहे. तेथूनच सुरुवात करू.

यजमानांनी विचारलेला प्रश्न पुन्हा वाचा. ‘कोणते औषध मारावे’ असे विचारताना या दुखण्यावर औषध असते, हे त्यांनी आधीच गृहीत धरले होते. शोधयंत्र अशा वेळी हुज्जत घालत नाही. औषध मागितले तर ते औषधांची पाने समोर ठेवते. तुमच्या बागेतला हा कुकुंबर मोझॅक विषाणू (सीएमव्ही) एकदा झाडात शिरला की त्याला झाडातून काढणारे औषध नाही. रोगट झाड मुळासकट काढून नष्ट करणे आणि विषाणू पसरवणाऱ्या मावा किडीला आवर घालणे, एवढेच हाती उरते. म्हणजे खरे उत्तर ‘औषध मारू नका, झाड काढा’ असे होते, आणि विचारलेल्या प्रश्नात त्याला शिरायला दारच नव्हते.

आता तुमच्या वहीकडे वळू. तिच्या पहिल्या पानाचे छायाचित्र तुम्ही पाठवले हे फार बरे केले, कारण तुमच्या शोधाची पहिली ओळ त्यावर जशीच्या तशी आहे: केळी, जस्ताची कमतरता, पानांवरील लक्षणे. तुम्ही वर्गात सूक्ष्म अन्नद्रव्ये शिकवता, जस्त कमी पडले की शिरांमधला भाग पिवळा पडतो हे तुमच्या जिभेवर आहे, त्यामुळे पट्टे पाहताच तुमच्या मनात जस्त आले. हे स्वाभाविक होते. परंतु त्यानंतर उघडलेली एकोणीसच्या एकोणीस पाने अन्नद्रव्यांच्या कमतरतेचीच होती. एकावरही विषाणू हा शब्द तुम्ही टिपलेला दिसत नाही. ताई, तुम्ही एकोणीस लेख वाचलेत खरे, पण प्रश्न एकच विचारलात. यजमानांनी तोच प्रकार चार मिनिटांत केला आणि तुम्ही चार रात्रींत केला. तुमचा शोध अधिक कष्टाचा होता, पण तो अधिक मोकळा होता असे मला म्हणता येत नाही.

पीटर वेसन नावाच्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९६० साली केलेला एक साधा प्रयोग येथे सांगावासा वाटतो. तो तुम्हाला वर्गातही करून पाहता येईल. त्याने लोकांना २, ४, ६ हे तीन आकडे दिले आणि ते ज्या नियमात बसतात तो नियम ओळखायला सांगितले. लोकांनी स्वतःचे तीन आकडे सुचवायचे आणि ते नियमात बसतात की नाही, एवढेच त्याने सांगायचे. बहुतेकांच्या मनात ‘दोनदोनने वाढणारे आकडे’ असा नियम लगेच तयार झाला आणि ते ८, १०, १२ किंवा २०, २२, २४ असे विचारत राहिले. प्रत्येक वेळी ‘बसतात’ असे उत्तर येई आणि विश्वास वाढत जाई. प्रत्यक्षात नियम एवढाच होता की आकडे चढत्या क्रमाने असावेत. १, २, ३ असे विचारले असते तर आपला अंदाज अपुरा आहे हे तत्काळ कळले असते, पण आपले म्हणणे खोटे पडेल असा प्रश्न विचारायला मन सहसा तयार होत नाही. तुमची एकोणीस पाने ही ८, १०, १२ च्या जातीची होती.

मी आयुष्याची बरीच वर्षे ग्रंथालयाच्या देवघेव खिडकीमागे काढली आहेत. तेथे येणारा माणूस पहिल्या वाक्यात जे मागतो ते त्याला बहुधा हवे नसते, हे त्या खिडकीने मला शिकवले. एकदा एका गृहस्थांनी मधुमेहावरचे ‘सगळ्यांत मोठे’ पुस्तक मागितले. दोनचार प्रश्न विचारल्यावर कळले की त्यांना मुलीच्या लग्नात जेवणाचे पान नाकारायचे नव्हते आणि त्या एका दिवशी काय चालेल एवढेच जाणून घ्यायचे होते. रॉबर्ट टेलर या अमेरिकी ग्रंथालयशास्त्रज्ञाने १९६८ साली याची चांगली मांडणी केली आहे. माणसाची गरज आधी आत कोठेतरी अस्पष्ट असते, मग ती जाणवते, मग तो ती स्वतःशी नीट मांडतो आणि शेवटी समोरची व्यवस्था काय देऊ शकेल याचा अंदाज घेऊन, तडजोड करून विचारतो. ग्रंथपाल त्या तडजोडीच्या प्रश्नापासून उलट चालत मूळ गरजेपर्यंत जातो. मोबाइल हे करत नाही. तो तुमची तडजोडच प्रश्न म्हणून स्वीकारतो. त्यामुळे ते उलट चालण्याचे काम आता ज्याचे त्याने करायचे आहे, आणि विचारांच्या धाटणीचा खरा परिणाम होतो तो मुख्यतः येथे.

धाटणी असते, हे मी नाकारत नाही. हर्मन विट्किन यांनी विसाव्या शतकाच्या मध्याला दाखवले की गुंतागुंतीच्या नक्षीत दडलेली साधी आकृती काहींना चटकन वेगळी दिसते, तर काहींना ती भोवतालच्या नक्षीपासून सोडवणे जड जाते. पहिल्यांना त्यांनी क्षेत्रनिरपेक्ष म्हटले आणि दुसऱ्यांना क्षेत्रसापेक्ष. पुढे संगणकावरच्या वाचनाचा अभ्यास करणाऱ्यांनी हाच भेद तेथे लावून पाहिला. काही जण पानावरचा पसारा बाजूला सारून आपली वाट आपण काढतात, तर काही जण समोर जी मांडणी आणि जो क्रम दिला आहे त्याच्या आधाराने पुढे जातात. तुमच्या घरातही असे काही असेल. पण मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो फरक म्हणजे थांबायचे केव्हा, याचा. हर्बर्ट सायमन यांनी १९५६ साली मांडले होते की माणूस सर्वोत्तम पर्याय गाठेपर्यंत शोधत बसत नाही. पुरेसा चांगला पर्याय सापडला की तो थांबतो. बॅरी श्वार्ट्झ आणि सहकाऱ्यांनी पुढे दाखवले की याबाबतीत माणसामाणसांत बराच फरक असतो. ज्यांना सर्वोत्तमच हवे असते, त्या पदवीधरांना २००६ च्या एका अभ्यासात इतरांपेक्षा सुमारे २० टक्के अधिक पगाराच्या नोकऱ्या मिळालेल्या आढळल्या, आणि तरीही ते त्या नोकऱ्यांवर कमी समाधानी होते. चार रात्री जागून निष्कर्ष काढल्यावरही पाचव्या रात्री तुम्हाला झोप लागली नाही, असे तुम्ही लिहिले आहे, म्हणून हे सांगितले.

याच विषयावर पीटर पिरोली आणि स्टुअर्ट कार्ड यांचा १९९९ चा एक सिद्धांत आहे. ते म्हणतात की माणूस माहिती शोधतो तो चाऱ्याच्या शोधात निघालेल्या प्राण्यासारखा: दुव्याच्या चार शब्दांवरून वास घेतो, वास दाट वाटला तर आत शिरतो आणि विरळ झाला की दुसऱ्या कुरणाकडे वळतो. हे वाचताना मला साक्री-शिंदखेड्याकडचे ठेलारी मेंढपाळ आठवले. कोणत्या शेतात मेंढ्या किती दिवस बसवायच्या आणि कधी उठवायच्या, याचा निर्णय ते सवयीने घेतात, पण सवय म्हणजे डोळे मिटून नव्हे. पाऊस, पाला आणि पुढचे पाणी पाहून तो दरवर्षी बदलतो. तुमचे यजमान एकाच शेतात मेंढ्या बसवून निघून आले आणि तुम्ही पाला संपल्यावरही तळ हलवला नाही. दोघांनीही ऋतू पाहिला नाही.

म्हणून त्या चाचणीतील ‘विश्लेषक’ आणि ‘समग्र’ या चिठ्ठ्या कृपया वहीतून काढून टाका. तुम्ही शिक्षिका आहात; दृश्य शिकणारी मुले, श्राव्य शिकणारी मुले असे वर्गीकरण तुम्हाला प्रशिक्षणात कोणीतरी शिकवले असेल. हॅरल्ड पॅशलर आणि इतरांनी २००८ साली त्या कल्पनेमागचा पुरावा तपासला, तेव्हा मुलाच्या शैलीप्रमाणे शिकवल्यास ते अधिक शिकते असे म्हणण्याइतका भक्कम आधार त्यांना सापडला नाही. धाटणी हा कल असतो. तो कपाळावरचा शिक्का नव्हे. याचा पुरावा तुम्हीच पत्रात दिला आहे, जरी तो तक्रार म्हणून दिला असला तरी. हाच गृहस्थ केळीच्या भावासाठी बऱ्हाणपूरचा लिलाव पाहतो, रावेरचा भाव विचारतो, दोन व्यापाऱ्यांना फोन करतो आणि मगच कटाई ठरवतो. पहिल्या उत्तरावर विश्वास ठेवणे हा त्याचा स्वभाव असता, तर तो भावातही तसाच वागला असता. भावाच्या बाबतीत कोण कशासाठी काय सांगतो हे त्याला अनुभवाने ठाऊक आहे, आणि विषाणूच्या बाबतीत ते ठाऊक नव्हते. तेव्हा त्यांना विचार करायला शिकवण्याची गरज नाही. भावाच्या वेळी ते जे करतात तेच रोगाच्या वेळीही करा, एवढे सांगणे पुरे आहे.

तुमच्या बाजूचे एक गृहीतकही तपासून घ्या. लेख पहिल्यापासून शेवटपर्यंत शांतपणे वाचला म्हणजे तो पारखला, असे तुम्हाला वाटते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी १० इतिहासकार, १० व्यावसायिक तथ्य-तपासनीस आणि २५ विद्यार्थी यांना काही संकेतस्थळे पारखायला दिली होती. इतिहासकार पान बारकाईने वाचत राहिले आणि देखण्या मांडणीला अनेकदा फसले. तथ्य-तपासनीसांनी मात्र ते पान जेमतेम पाहून सोडले, नवीन खिडकी उघडली आणि हे पान कोणाचे आहे, त्याविषयी इतर काय म्हणतात, हे आधी पाहिले. तुमच्या एकोणीस पानांपैकी किती पाने खत विकणाऱ्यांची होती, हे एकदा पाहाल का? मला छायाचित्रात तीन नावे वाचता आली; तिन्ही विक्रेत्यांची आहेत.

आणि सासरे. ‘हरण्या’ हा शब्द जळगाव जिल्ह्यातील केळी उत्पादक पिढ्यानपिढ्या वापरत आले आहेत. देवनागरीत तो लिहून शोधला असता तरी मराठी कृषी लेखांमधून सीएमव्ही हे नाव समोर आले असते आणि तेथून पुढची वाट सरळ होती. शोध हा अखेर शब्दांवर चालतो. यजमानांकडे डोळ्यांना दिसलेले वर्णन होते, तुमच्याकडे पाठ्यपुस्तकातील संज्ञा होती, आणि नेमके नाव सत्तरी ओलांडलेल्या एका माणसाकडे होते, जो मोबाइल वापरत नाही. त्यांचे म्हणणे मान्यच करायला हवे होते, असे मी म्हणत नाही, कारण जुन्या माणसांचेही अंदाज चुकतात. पण तपासून पाहायला त्याहून चांगला शब्द घरात दुसरा नव्हता.

आता करायचे काय? यजमानांना तुमच्यासारखे बसून वाचायला लावण्याचा पर्याय मला फोल वाटतो. पावसाळ्यात बाग सोडून कोणी चार रात्री वाचणार नाही, आणि वाचू नयेच. सगळा शोध तुमच्याकडे सोपवावा, हाही पर्याय तुम्ही सुचवला आहे, पण बागेत रोज फिरणारे डोळे त्यांचे आहेत आणि तुम्हाला लॅपटॉपवर जे दिसते त्याची पडताळणी शेवटी तेच करणार आहेत. दोघांनी एकाच प्रश्नावर वेगवेगळे काम करावे, हे मला अधिक पटते, आणि त्याचा आरंभ प्रश्न मोठ्याने बोलण्यापासून व्हावा. पहिल्या प्रश्नात कारणही नको आणि उपायही नको. फक्त जे दिसते ते: पट्टे सलग आहेत की तुटक, कोवळ्या पानावर की जुन्या, पोंगा, म्हणजे न उलगडलेले पान, कसा आहे, बागेच्या एका कडेला की विखुरलेले, आठ दिवसांत पट्टे असलेली किती झाडे वाढली. त्यानंतरचा प्रश्न हा की असे आणखी कशामुळे दिसू शकते. हा दुसरा प्रश्न ज्याला आपले उत्तर सापडले असे वाटते त्यानेच विचारायचा, दुसऱ्याने नव्हे, म्हणजे तो टोमणा वाटत नाही.

मार्सिया बेट्स या संशोधिकेने १९८९ साली माहितीच्या शोधाला रानात बोरे वेचण्याची उपमा दिली. आपण कापसाची वेचणी म्हणू. एका वेचणीत सगळा कापूस हाती येत नाही, आणि पहिल्या वेचणीत काय मिळाले यावर दुसरी केव्हा करायची ते ठरते. पहिल्या शोधात उत्तर मिळावे हा हट्ट सोडला आणि दुसऱ्या शोधासाठी चांगला शब्द मिळाला तरी पुष्कळ झाले असे धरले, तर यजमानांची घाई आणि तुमची चिकाटी या दोन्ही कामाला येतील. थांबायचे केव्हा, हे शोध सुरू करण्यापूर्वीच ठरवा, आणि ते स्वभावावरून न ठरवता चूक किती महाग पडेल आणि वेळ किती आहे यावरून ठरवा. पसरणाऱ्या रोगाला चार रात्री देता येत नाहीत. त्यासाठी एक संध्याकाळ पुरे, आणि सकाळी पानाचे जवळून काढलेले छायाचित्र जाणत्या माणसाकडे गेलेच पाहिजे. जळगावचे केळी संशोधन केंद्र आहे, पालचे कृषी विज्ञान केंद्र आहे, आणि किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या निःशुल्क क्रमांकावर मराठीत बोलता येते. फोन करणे हाही शोधच आहे. तुमच्यासारख्या वाचणाऱ्यांना तो कमीपणाचा वाटतो, असा माझा अनुभव आहे. मीही त्यातलाच, परवा गुडघ्याच्या दुखण्यावर तीन तास वाचले आणि शेजारच्या गल्लीतील डॉक्टरांकडे मात्र आठवड्याने गेलो.

रोपांच्या खरेदीचे गणित याच्या उलट आहे. तेथे हाताशी काही महिने आहेत आणि चूक झाली तर ती साडेचार हजार खोडांवर वर्षभर दिसेल, म्हणून तेथे तुमची वही उघडीच असू द्या. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने टिश्यूकल्चर रोपांसाठी २००६ साली राष्ट्रीय प्रमाणन व्यवस्था सुरू केली आहे आणि तीत विषाणू चाचणीचा समावेश आहे. ज्या प्रयोगशाळेची रोपे घ्यायची ती या व्यवस्थेत आहे का, विकत घेत असलेल्या तुकडीचे प्रमाणपत्र मिळेल का, हे तुम्ही कागदोपत्री तपासा. त्याच वेळी यजमानांना रावेर-यावलमध्ये ती रोपे लावलेल्या पाच बागा प्रत्यक्ष पाहून येऊ द्या. शोधताना ‘सर्वोत्तम रोपे’ असे लिहू नका; प्रत्येक विक्रेता स्वतःला तेच म्हणतो. त्या प्रयोगशाळेच्या नावापुढे ‘तक्रार’ लिहून पाहा, म्हणजे ८, १०, १२ ऐवजी १, २, ३ विचारल्यासारखे होईल. बागांमधून आलेली माहिती आणि कागदावरची माहिती जुळली नाही, तर कोणाचे खरे यावर वाद न घालता तेवढ्याच मुद्द्यावर तिसरी वेचणी करा.

पत्राच्या अखेरीस तुम्ही सहज लिहून गेला आहात की यंदा बांधाला सासूबाईंनी लावलेल्या काकडी आणि गिलक्याच्या वेलांना भरपूर फळ लागले आणि शाळेतल्या बाईंनाही ते वाटून दिले. हाच विषाणू काकडीवर्गीय वेलांवर वाढतो, त्याच्या नावातच काकडी आहे, आणि मावा तेथून उडून केळीवर बसतो. पुढच्या मृगात ते वेल बागेपासून दूर, परसात लावावे लागतील. हे सासूबाईंना कोणी सांगायचे, ते मात्र तुम्ही दोघांनी ठरवा. माझ्या मते सासऱ्यांनी सांगावे.